भर दुपारी रडण्याचा अभ्यासक्रम

४ ऑक्टोबर, सकाळी
आजपासून पद्धतशीर कामाला आरंभ. प्रथम वस्तुस्थिती नोंदवतो. माझी पत्नी सातुर्निना मे महिन्यात वारली. तेव्हापासून माझी प्रकृती उत्तम आहे. झोप लागते, जेवण जाते, पाढे विसरलेलो नाही. मनावर कसलाही तरंग उठत नाही. या अवस्थेसाठी साधुसंत जन्मभर झटतात, मला ती विनासायास लाभली आहे. गावाला मात्र हे रुचलेले दिसत नाही.

काल मेहुणी फिलिबेर्ता सुके बटाटे भिजत घालता घालता म्हणाली, दाजी, एक नोव्हेंबरला गेलेले जीव घरी येतात, भर दुपारी ताईही यायची. पहिलंच वर्ष तिचं. एवढी वाट तुडवून येणार आणि दारात बघणार काय, तर तुम्ही, कोरडेठाक. न रडता बोलावलेल्या जिवाला घर सापडत नाही, दाजी.

हा नियम तिने जागच्या जागी बनवला असावा. तरीही मुद्दा विचारार्ह आहे. आमच्या काल्यापाता गावच्या शाळेत मी हयातभर गणित आणि संगीत शिकवले. संगीत मनावर कसे कार्य करते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अश्रू ही अडचण नव्हे. स्वर कानातून श्वासात जातो, श्वासातून छातीत, छातीतून जिवात. एकूण चार पायऱ्या. चौथीवर डोळे भरतात. रंगीत खडूंनी चार्ट काढून भिंतीवर लावला. चांगला दिसतो.

संकल्प: एक नोव्हेंबरला बाराच्या ठोक्याला, माझा चारांगो, म्हणजे आमचे छोटे तंतुवाद्य, आणि माझे अश्रू. उशीर चालणार नाही. बारानंतर आमचा पावसाळा लागतो, बासऱ्या सुरू होतात आणि पुढे पावसाळा सरून कार्निव्हल येईपर्यंत चारांगोच्या तारा छेडायच्या नसतात. छेडल्या तर ढग पळतात आणि बटाट्याचे पीक गारठ्याने करपते, असे गाव मानते. मला हे पटत नाही. पण बटाटे सगळ्यांचे आहेत.

७ ऑक्टोबर
पहिला प्रयोग, पहाटे. संथ, दुःखी धून घेतली. पहिली पायरी पार. दुसऱ्या पायरीवर जांभई आली. तिसऱ्या पायरीवर भूक. कारणमीमांसा: वेळ चुकली. उद्यापासून दुपारी.

सातुर्निना असती तर म्हणाली असती, अहो, सांगून झालं असेल तर वाजवा आता. धून सुरू करण्याआधी मी तिची रचना समजावून सांगत असे, तेव्हा बटाटे सोलता सोलता ती हे वाक्य नेहमी म्हणायची. संगीताचे शास्त्र तिला कधीच कळले नाही.

८ ऑक्टोबर
प्रयोग नाही. ऊन फार.

९ ऑक्टोबर
प्रयोग नाही. ऊन कमी.

१२ ऑक्टोबर
रेडिओ. आजचे दुःख दुसऱ्याच्या गळ्यातून घ्यायचे ठरवले. विरहगीतांचा तासभराचा कार्यक्रम होता. फिलिबेर्ता पहिल्या गाण्यालाच शालीने नाक पुसू लागली. शेजारचा नासारिओ, आमच्या गावच्या बासरीवाल्यांचा म्होरक्या, भिंतीला टेकून उभा होता. तो तिसऱ्या गाण्याला बाहेर निघून गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याचा कुत्राही रडला. सर्व नोंदी घेतल्या. संगीताचा प्रभाव निर्विवाद सिद्ध झाला. प्रयोग यशस्वी, केवळ माझ्यावर नाही.

परत आल्यावर नासारिओ म्हणाला, गुरुजी, लोक गाणं ऐकतात, तुम्ही गाण्याची परीक्षा घेता. पास झालं का?

दुसरे कडवे घाईत म्हटले होते, एवढे मी त्याला सांगितले.

१६ ऑक्टोबर
महिन्यातून एकदा येणारे पाद्री आले. आज अध्यात्माच्या मार्गाने जाण्याचे ठरवले होते. प्रार्थनागीत सुरू होताच पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे मिटून डोलू लागल्या. मी डोळे मिटले. माझ्या उजवीकडची सगळी मंडळी तालात किंचित मागे पडत आहेत असे आढळले. हाताने ताल दाखवला. कोणी घेतला नाही.

बाहेर पडताना मन अत्यंत शांत होते. ही तटस्थतेची उच्च पातळी आहे, असे मी नासारिओला समजावले. त्याने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, गुरुजी, ही पातळी दगडालाही गाठता येते का?

त्याचे शिक्षण तिसरीपर्यंत माझ्याकडेच झाले.

२१ ऑक्टोबर, सकाळी
दिवस थोडे उरले आहेत. दोष माझ्यात नसून वाद्यात असावा. नासारिओचा सल्ला असा, की चारांगो झऱ्यावर न्यावा. झऱ्यात सिरेना, म्हणजे जलपरी, राहते. सांजेला वाद्य खडकावर ठेवायचे, जवळ कोकाची पाने आणि मिठाई ठेवायची, घरी यायचे. पहाटेपर्यंत ती तारा जुळवून ठेवते. तिथे थांबून ऐकायचे मात्र नाही. ऐकणाऱ्याचे चित्त जाते.

शास्त्रशुद्ध निरीक्षणाची ही संधी सोडणे योग्य नव्हे. मी थांबणार असे जाहीर केले. नासारिओने छातीवर क्रूसाची खूण केली. फिलिबेर्ता म्हणाली, जाऊ दे रे त्यांना. चित्त जायला आधी कुठेतरी हलावं लागतं.

जाड ब्लँकेट घेतले आहे.

२२ ऑक्टोबर
निरीक्षण: पाणी वाहत होते. त्यानंतर झोप लागली. उठलो तेव्हा ब्लँकेटवर बर्फाची साय होती. चित्त जागेवर. सर्दी झाली.

घरी येऊन चारांगो टेबलावर ठेवला. नासारिओने जाता जाता सगळ्या तारांवरून एकदा बोट फिरवले. फिलिबेर्ताच्या हातातला पावाच्या पिठाचा गोळा परातीत पडला. तो उचलत ती म्हणाली, मेंढरं परत बोलवायला तायडी अशीच हाक द्यायची. टेकडीवरून. शेवटी जरा खाली उतरायची.

नासारिओने टोपी काढून हातात धरली.

मी पुन्हा वाजवून पाहिले. तिसरी जोडी उतरलेली होती. चारांगोत प्रत्येक तार जोडीने असते. जोडीतली एक दुसरीपेक्षा किंचित खाली गेली होती. दमट हवेत लाकूड फुगते, हे त्याचे कारण. दोघांनाही नीट समजावून सांगितले.

२३ ऑक्टोबर
शाळेतला नादकाटा काढला. तिसरी जोडी बिनचूक लावली. आता कोणत्याही संगीत विद्यालयात दाखवावा असा चारांगो झाला आहे. फिलिबेर्ताला बोलावून ऐकवला. तिने विचारले, कालचा आवाज कुठे गेला?

दुरुस्त केला, असे मी म्हणालो.

ती दारापर्यंत गेली, वळली. मग म्हणाली, दाजी, तुम्ही खरंच शिकलेले आहात हो. ही प्रशंसा नसावी.

२६ ऑक्टोबर
दुपारी प्रयोग. स्वर बिनचूक. परिणाम शून्य. पायऱ्यांचा क्रम बदलून पाहण्यास हरकत नाही.

२९ ऑक्टोबर
तिसरी जोडी किंचित उतरवून पाहिली. फार उतरली. पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. बावीस तारखेच्या सकाळी ती नेमकी कुठे होती, ते सापडत नाही. अखेर नादकाट्याप्रमाणे लावून ठेवली.

हा प्रयोग मी कोणत्या उद्देशाने केला, त्याची नोंद आढळत नाही.

३१ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. टेबलावर काळे कापड. तिला उतरायला पावाची शिडी. पावाची बाहुली, तिला रंगवलेला चेहरा. फिलिबेर्ताने भुवया सातुर्निनासारख्या जाड काढल्या आहेत. उकडलेले सुके बटाटे, चिचाचा, मक्याच्या दारूचा, घडा, साखर लावलेली बिस्किटे.

माशा हाकलायचे फडके फिलिबेर्ताने घरातून उचलून नेले. म्हणाली, जीव माशीच्या रूपानं येतो, दाजी. उद्या तेवढा हात आवरा.

मी म्हणालो, मला ठाऊक आहे, मी याच गावचा.

उद्याचे टाइमटेबल: अकराला वादनास सुरुवात. साडेअकराला तिसरी पायरी. बाराला अश्रू. यशाविषयी तिळमात्र शंका नाही. खिशात रुमाल ठेवला आहे, स्वच्छ, इस्त्रीचा.

१ नोव्हेंबर, संध्याकाळी
वृत्तान्त क्रमाने लिहितो.

अकराच्या सुमारास घर भरले. अंगणातल्या डोणीत नासारिओच्या मंडळींनी लाकडी बासऱ्या भिजत टाकल्या होत्या. भिजल्याशिवाय त्या बोलत नाहीत. मी चारांगो घेऊन टेबलाशेजारी उभा राहिलो. वाजवण्याआधी श्रोत्यांना काय ऐकायचे आहे हे ठाऊक असावे, म्हणून चार शब्द बोलायचे ठरवले. चार्ट भिंतीवर होताच.

पहिली पायरी सविस्तर झाली. दुसरीला रेडिओचा दाखला दिला. फिलिबेर्ता म्हणाली, दाजी, वाजवा. मी म्हणालो, तिसरी राहिली आहे, तिच्याशिवाय चौथी कळणार नाही. नासारिओ दारातून म्हणाला, गुरुजी, सूर्य डोक्यावर आला. मी त्याला बसायची खूण केली.

तिसऱ्या पायरीच्या मध्यावर चर्चची बाराची घंटा झाली. चार्टपुढे काहीतरी घोटाळत होते, छातीच्या चित्रावर बसत होते. मी हाताने झटकले आणि वाक्य पूर्ण केले.

मग लक्षात आले, की चार्टकडे कोणीच पाहत नाही. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. एका म्हातारीने तोंडाला शाल लावली होती. माशी खिडकीतून गेली.

फिलिबेर्ताने आवाज चढवला नाही. म्हणाली, आली होती ती, दाजी. तुम्ही बोलत होतात.

नासारिओने डोणीतून बासऱ्या काढल्या. पाणी झटकले. मंडळी वाजवू लागली. मी चारांगो पिशवीत घातला. एकही तार छेडलेली नव्हती.

रुमाल इस्त्रीचाच आहे. चौथी पायरी सांगायची राहिली.

रात्री जेवलो. जेवण गेले.

२ नोव्हेंबर, दुपार होत आली
आज बारा वाजता ती परत जाईल. सगळे तिला निरोप द्यायला दफनभूमीकडे निघाले आहेत. मी एकटाच टेबलाशी आहे. सकाळी पावाच्या बाहुलीचा एक तुकडा मोडून खाल्ला. भुवईकडचा नव्हे.

फिलिबेर्ता दारातून म्हणाली, दाजी, येताय ना?

मी उत्तर दिले नाही. मी काही सांगायला लागलो की माझे हात हलतात. डाव्या हातावर माशी बसली आहे. उजव्याने लिहितो आहे.

फिलिबेर्ताने माझ्या हाताकडे पाहिले. आवाज न करता दार ओढून घेतले.

बोटांना बिस्किटाची साखर लागलेली आहे. हे कारण मी तिला सांगितले नाही.

बासरीवाले घरावरून चालले आहेत. दोन बासऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोणती चढी, कोणती उतरती, ते पाहिले नाही. रडू आलेले नाही. हाताला मुंग्या आल्या आहेत. तो हलवत नाही.