टी नंतरचा एच

१९ जानेवारी १९९९, मंगळवार

पोंगलच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडले. वसंता मॅडमनी बेंगळूरच्या भावाकडून एक फ्लॉपी आणि चाळीस पानांचा प्रिंटआउट आणला आहे. दोन्ही माझ्या टेबलावर ठेवले. त्या मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, तूच बस यावर. मला सिलॅबस संपवायचा आहे."

आजवर बावीस यंत्रांत बावीस याद्या. जिचे नाव सातव्यात, तिने सातव्यावरच बसायचे. सातवे बिघडले की ती दिवसभर रिकामी. आता सर्व्हरवर एकच यादी राहणार, तिला डिरेक्टरी म्हणतात, आणि सगळी यंत्रे तिलाच विचारणार. त्या यादीत माणसे घालणे, काढणे, गटात टाकणे, एवढ्यासाठी फ्लॉपीवरचे हे टूल. माऊस नाही, चित्रे नाहीत. ओळ टाइप करायची आणि एंटर.

मॅडम जाता जाता म्हणाल्या ते तसेच लिहून ठेवतो. "१ फेब्रुवारीला मुलींची मॉडेल प्रॅक्टिकल परीक्षा आहे. तोपर्यंत तक्रारीशिवाय चालले तर नवी जागा तुला. मी करस्पाँडंट सारांशी बोलले आहे. नाही तर ते डिग्रीवाला घेणार." करस्पाँडंट सार (इथे सरांना सार म्हणतात) संस्थेचे चालक, म्हणजे संस्थाच. त्यांच्या शब्दापुढे दुसरा शब्द नाही.

मी लॅब अटेंडर. प्लस टू, म्हणजे बारावी, नापास, गणितात. यंत्रांवर कापड घालणे, प्रिंटरची रिबन बदलणे. नव्या जागेचे नाव सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. स्पेलिंग चार वेळा लिहून पाहिले. बरोबर आले.

२० जाने., बुध.

टूलला स्वतःचे काही माहीत नसते. सगळे एका फाइलीत लिहून द्यावे लागते. यादी कुठे आहे, माणसांचे नंबर कितीपासून सुरू, प्रत्येकाचे फोल्डर कुठे, गट कोणते. गट तीन ठरवले: टीचर्स, ऑफिस, स्टूडंट्स.

ओळीच्या सुरुवातीला # असेल तर यंत्र ती ओळ वाचत नाही. ती ओळ फक्त माणसांसाठी. हे मला फार आवडले. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर मी अशी एक टीप घातली. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला देवनागरी येत नाही. "हे बदलू नये." "येथे जागा सोडू नये."

ऑफिसात देवनागरी कोणालाच येत नाही. म्हणून ही वही टेबलावर उघडी राहिली तरी भीती नाही. तरी यादीचा मुख्य पासवर्ड इथे लिहायचा नाही, असे ठरवले आहे.

२२ जाने., शुक्र.

टूल चालवले की एकच उत्तर, "इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स." म्हणजे ओळख चुकीची. एकवीस वेळा. पासवर्ड बरोबर आहे. एकेक अक्षर बोट ठेवून वाचले. बरोबर आहे.

हेडक्लार्क गोविंदराजन दारातून: "एन्ना रायरे, मशीन तुम्हाला ओळखत नाही म्हणते का?" पिढ्यांपूर्वी या तमिळ मुलखात आलेल्या आम्हा मराठी लोकांना इथे सगळे रायर म्हणतात. तो म्हणतो तेव्हा मात्र त्यात मीठ असते.

२५ जाने., सोम.

सापडले!

टूलला पासवर्ड एका वेगळ्या फाइलीत द्यावा लागतो. मी पासवर्ड लिहून शेवटी एंटर दाबत होतो, ओळ संपली म्हणून. टूल त्या एंटरलाही पासवर्डाचेच अक्षर धरत होते. डोळ्याला न दिसणारे अक्षर! ओळ न संपवता फाइल बंद केली. लगेच चालले. मी प्रत्येक ओळ नीट संपवतो, तेच नडले.

मॅडमना सांगायला धावत गेलो. त्या डबा खात होत्या. "सरी, सरी, बरं, आधी बस. दही-भात घे." घेतला.

२७ जाने., बुध.

एक गंमत. "चाचणी" नावाचा माणूस बनवला. यंत्राने त्याला नंबर दिला १००१. त्याच्या नावे एक फाइल ठेवली. मग त्याला यादीतून काढले आणि "दुसरा" नावाचा माणूस बनवला. त्यालाही मिळाला १००१. आणि पहिल्याची फाइल न मागता याची झाली!

म्हणजे फाइलीवर नाव नसते, नंबर असतो. नाव आपल्यासाठी, नंबर यंत्रासाठी. उलटही करून पाहिले. माणूस ठेवून नुसते नाव बदलले. फाइल त्याचीच राहिली. नाव बदलले तरी माणूस तोच. दुपारभर हेच करत बसलो. कोणीतरी हे बसून ठरवले असेल, त्याला हे कसे सुचले असेल?

दोघांनाही काढून टाकले. खरी नावे १००१ पासून.

२८ जाने., गुरु.

ऑफिसातून नावांची टाइप केलेली यादी आली. मुली पंचेचाळीस, शिवाय मॅडम. लॉगिन म्हणजे इनिशियल आणि नाव, जोडून, छोट्या अक्षरांत. आठ अक्षरांपर्यंतच. नववे यंत्र घेत नाही.

अडचण पहिली. टूल आडनाव मागते. रिकामे सोडले की रागावते. इथे आडनाव कोणाला आहे? आर. ललिता, आर म्हणजे रामचंद्रन, वडील. आडनावाच्या जागी इनिशियल घातले. चालले.

अडचण दुसरी. यादीत त ला सगळीकडे टी-एच. ललिथा, कविथा, जयंथी! तमिळ माणसे असेच लिहितात हे मला जन्मापासून माहीत आहे. पण यादीतच मेळ नाही. एक सरस्वती आय लावून, दुसरी वाय लावून. एका कविताच्या शेवटी तर दोन ए, टायपिस्टचे बोट अडकले असावे. काहीतरी एक नियम हवा. त म्हणजे टी, थ म्हणजे टी-एच. लहानपणी त च्या जागी थ लिहिला की बाबा शंभर वेळा गिरवायला लावत. शिवाय एच काढला की एक अक्षर कमी होते. जयंती इनिशियलसकट बरोबर आठात बसते.

एच सगळे काढले. यादी एकदम स्वच्छ दिसू लागली.

२९ जाने., शुक्र.

घरी बाबांना विचारले, आमचे आडनाव काय? बाबा पोस्टातून रिटायर झालेले, वर्तमानपत्र खाली ठेवायला वेळ लावतात. "राव."

"राव हे आडनाव आहे का?"

"शाळेंत घालतांना हेडमास्तरानें विचारलें. मज जें आठवलें तें सांगितलें." मग पुन्हा वर्तमानपत्र.

आई आतून: "खरें एक होतें म्हणून तुमची आत्या सांगत होती कीं."

"होतें. मग? आंबट भाजींत घालायचें आहे?"

सेहेचाळीस नावे घालून झाली. तीनदा तपासली. एकही चूक नाही. सोमवारची वाट पाहवत नाही. भीतीने नाही, खरेच बघायचे आहे कसे होते ते.

१ फेब्रुवारी, सोम.

क्रमाने लिहितो.

दहा वाजता मुली बसल्या, पहिली तुकडी आणि मागे उभी दुसरी. मॅडमनी फळ्यावर लिहिले, इनिशियल, नाव, छोटी अक्षरे. पहिल्या रांगेत काही जणी आत गेल्या. मग आर. ललिताने हात वर केला. "अण्णा, हे माझंच नाव चूक म्हणतंय!"

मी जाऊन पाहिले. "लॉगिन इनकरेक्ट." मागून दुसरी, मग चौथी. दुसऱ्या तुकडीनेही करून पाहिले, दोन्ही मिळून सतरा जणी. मी पासवर्ड बघत होतो, केबल बघत होतो. ललिताच्या बोटांकडे पाहिले तेव्हा कळले. तिने टी दाबला आणि थांबली नाही, लगेच एच. जन्मभर जसे दाबते तसेच.

मी तिचे नाव तिला दाखवलेच नव्हते. सेहेचाळीस नावे तीनदा तपासली आणि ज्यांची होती त्यांना एकदाही विचारले नाही.

त्याच वेळी दारात करस्पाँडंट सार. पांढरी वेष्टी नेसलेले, मागे गोविंदराजन. "काय झालं?" मॅडम पटकन म्हणाल्या, "नेटवर्क प्रॉब्लेम, सार. अर्ध्या तासात सुरू करते." ते गेले. मी तिथेच उभा होतो.

सतरा जणींना माझ्या टेबलापाशी ओळीत उभे केले. एकेकीने स्पेलिंग सांगायचे, मी नाव बदलायचे. नंबर तोच राहतो म्हणून निभावले, नाही तर सगळे पुन्हा करावे लागले असते.

कविता, दोन ए वाली: "अण्णा, तो दुसरा ए आमच्या ज्योतिषाने वाढवला आहे. दहावीत पास व्हावे म्हणून." झाली होती का, विचारले. "झाले ना!" बाकीच्या हसल्या.

जयंतीचे एच घालून नऊ झाले. तिला सांगितले, आठच बसतात, काय काढू? तिने बोटांवर मोजले. "इनिशियल काढा. एच राहू दे." वडिलांचे अक्षर गेलेले चालेल, एच नाही. मी तसे केले. दोन ए वाल्या कवितानेही मग तेच सांगितले.

शेवटी मॅडम आल्या, हळूच. "माझाही काढलास?" त्यांचाही काढला होता. त्यांनी अजून एकदाही लॉगिन केले नव्हते.

अकरा वीसला प्रॅक्टिकल सुरू झाले. ललिता आत गेली तेव्हा तिने मागे वळून अंगठा दाखवला.

२ फेब्रु., मंगळ.

सकाळी करस्पाँडंट सारांनी बोलावले. वाटेत मॅडम: "नेटवर्क म्हण. केबल बदलली म्हण. मी आहे."

खोलीत पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून सगळीकडे दगड ठेवलेले. सारांनी विचारले, "केबल बदलली का?"

तोंडापर्यंत हो आले होते. पण केबलला काही झाले नव्हते, आणि काढलेली जुनी केबल त्यांनी दाखवायला सांगितली असती. म्हणालो, "सार, केबल ठीक होती. मी नावांतले एच काढले होते."

"काय काढलं?"

सांगितले. त आणि थ. आठ अक्षरे. सारांनी विचारले, "माझं नाव कसं लिहिशील?" त्यांच्याही नावात टी-एच आहे. म्हणालो, "आता तुम्हाला विचारून, सार."

हसले नाहीत. "एक्स्प्लनेशन लिहून दे. इंग्रजीत. त्या डिग्रीवाल्या उमेदवाराला सोमवारी बोलावलं आहे."

मॅडम जिन्यात थांबल्या होत्या. ऐकून कपाळावर हात मारला. "अय्यो, तंबी. तुला कोणी विचारलं होतं?" विचारले होते, म्हणूनच तर.

४ फेब्रु., गुरु.

एक्स्प्लनेशन दिले. एक पान. तीन वेळा उतरवले. टीप म्हणून पुढचा उपायही लिहिला: नाव घालण्यापूर्वी ज्याचे त्याला कागदावर दाखवावे, सही घ्यावी. गोविंदराजनने वाचून पाहिले. "रायरे, स्पेलिंग मात्र एकही चुकलेलं नाही." यात मीठ होते की नाही, कळले नाही.

आज नवा नियम करून पाहिला. मुलींना त्यांची नावे छापून दिली. दोघींनी आणखी चुका काढल्या. एक म्हणाली, माझा एच नसला तरी चालेल, छोटे बरे आहे. मग तिचा तसाच ठेवला.

८ फेब्रु., सोम.

उमेदवार आला. तिरुचीचा, डिग्री, इस्त्रीचा शर्ट. वाईट वाटावे असे त्याच्यात काही नाही. मॅडमनी माझी फाइल उघडून दाखवली. तो वाचत गेला आणि मध्येच म्हणाला, "हे फार नीट आहे. कोणी केलं, सार?" त्याने मला सार म्हटले. आजवर कोणी म्हटले नव्हते.

मग माझ्या टिपांवर बोट ठेवले. "या ओळी कसल्या? पासवर्ड आहेत का?"

मराठी, म्हणालो. त्याने दोनदा मोठ्याने वाचून पाहिले. "येथे जागा सोडू नये" त्याच्या तोंडी असे काही झाले की मलाच कळेना.

तो गेल्यावर मॅडम: "या इंग्रजीत कर. उद्या तू आजारी पडलास तर कोण वाचणार?" आजारी पडलास तर, एवढेच म्हणाल्या. खिडकीकडे बघून.

९ फेब्रु., मंगळ.

टिपा इंग्रजीत करतो आहे. एकेक ओळ. आता ही फाइल कोणीही चालवू शकेल. मी नसलो तरी. न दिसणाऱ्या एंटरबद्दल चार ओळी लिहिल्या, म्हणजे त्याचे तीन दिवस वाचतील. त्याचे म्हणजे ज्याचे असतील त्याचे.

आई: "तोंड कां असें? काफी देऊं?" दिली.

१० फेब्रु., बुध.

गोविंदराजन सांगून गेला, जागेची फाइल सारांच्या टेबलावर आहे. दगडाखाली. सही झालेली नाही. कोणत्या नावावर, ते त्यालाही माहीत नाही, किंवा सांगत नाही.

दुपारी मॅडमनी विचारले, "यादीत तू कुठे आहेस?" मी कुठेच नाही. सगळे मुख्य पासवर्डावर चालवत आलो, स्वतःला घालायचे कधी सुचले नाही. "घाल मग."

टूल चालवले. नाव: माधव. या खेपेस ज्याचे त्याला विचारून. आडनाव: राव. गट?

टीचर्स नाही. स्टूडंट्स नाही. ऑफिसच्या हजेरीपटावरही माझे नाव नाही, अटेंडरांचा वेगळा कागद असतो. मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "सही होऊ दे. मग सांगते." गट दिल्याशिवाय टूल पुढे जात नाही. कंट्रोल-सी दाबून बाहेर आलो.

पुढचा रिकामा नंबर १०४७. जो कोणी आधी येईल त्याला यंत्र तो देऊन टाकेल. कॉन्फिगरेशनची फाइल उघडून सगळ्यात खाली एक ओळ घातली: हा नंबर कोणाला देऊ नये. ओळीच्या सुरुवातीला # लावले. एवढी एकच मराठीत ठेवली आहे.

यंत्र ती वाचत नाही.