घडी घातलेली जोडी

प्रिय आई,

आधी नमस्कार, मग बाकीचं. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ जेवते, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

आमचं मुलांचं केंद्र साथीमुळे बंदच आहे. बाहुल्यांचा वर्ग मी आता खोलीतूनच घेते, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून. मुलं पडद्यावर बोलता बोलता मध्येच थिजतात, मग मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत राहते.

घरबसल्या सामान कुठून आणणार? म्हणून म्हटलं, "कोणी वापरत नाही असा एक मोजा घ्या, त्याचीच बाहुली करू." सगळ्यांनी फाटके, विटके, जोडी हरवलेले मोजे आणले. एका मुलीने मात्र धड जोडी आणली, घडी घातलेली.

"अगं, हे तर चांगले आहेत!"

"आजोबांचे आहेत. ते दवाखान्यातून आलेच नाहीत."

मग तिने विचारलं, "ताई, डोळ्यांची बटणं कुठे लावू?" मी दाखवलं. दुसरं काय करणार?

बाबांचा खोकला कसा आहे? फोनवर तू विषय बदलतेस, ते कळतं मला. फरशी गार असेल. त्यांचे मोजे कपाटात ठेवू नकोस. रोज पायात असू देत.

तुझी,
धाकटी