मार्वाच्या मूससाठी काडतुसं

१४ जून
मार्वाला मूसच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचं परमिट लागलं. लग्न झाल्यापासून दोघं अर्ज करतोय. आयडाहोत ही सोडत सगळी नशिबाची, आणि एकदा मूस मारला की त्या माणसानं जन्मात पुन्हा अर्ज करायचा नाही. मला यंदाही लागलं नाही. वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.
जेवताना उभा राहून जाहीर केलं की तिच्या रायफलीत दुकानातलं काडतूस जाणार नाही. माणूस आपली भाकरी दुसऱ्याकडून भाजून घेतो, आपलं मत दुसऱ्याकडून उसनं घेतो, निदान गोळी तरी त्यानं स्वतः भरावी! मार्वा म्हणाली, ऑरिन, खाली बस, बटाटे गार होतायत. मग म्हणाली, मला चार चांगली काडतुसं पुरे, भाषण नको.
संकल्प: जुलैअखेर काडतुसं तयार. भाषण बंद.

२ जुलै
गराजमधला काडतुसं भरायचा प्रेस साफ केला. याचा दांडा एकदा ओढला की रिकामी पुंगळी दाबून मापात येते, बुडाला प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टिकली, बसते, दारूची पावडर पडते, वर गोळी बसते. असं माहितीपत्रकात आहे. प्रत्यक्षात पावडर अडकते, प्रायमर उलटा पडतो आणि दांडा इतका जड की खांदा भरून येतो. ज्यांनी हे बनवलं त्यांनी आयुष्यात एक तरी काडतूस भरलं असेल का? सगळ्या संस्कृतींचा ऱ्हास असाच सुरू झाला. बनवणारा वेगळा, वापरणारा वेगळा.
संकल्प: यंत्र मुळापासून सुधारायचं.

१९ जुलै
पावडर प्लास्टिकला चिकटते. कोरड्या हवेत स्थिर वीज साठते. मार्वाची कपडे वाळवताना टाकायची सुगंधी फडकी आणून, ती वीज मारतात म्हणून, पावडरचा डबा आतून पुसला. तरी अडकते. माशांच्या टाकीचा जुना पंप डब्याला तारेनं बांधला, थरथरीनं पावडर सुटावी म्हणून. सुटली. सगळी सुटली. निम्मी सतरंजीत गेली.
मार्वानं दारातून पाहिलं. म्हणाली, व्हॅक्यूम लावू नकोस हं, ठिणगी पडली तर मूस राहील बाजूला, आपणच उडू. हातानं झाडली. गराजला लव्हेंडरचा वास येतोय. पाठ गेली.

११ ऑगस्ट
पंप काढला. पावडर प्रत्येक वेळी तराजूत तोलून हातानं घालायची ठरवली. ही माघार नव्हे, हा संयम.
प्रायमरच्या नळीत वजन म्हणून हँगरची तार घातली. प्रायमर सरळ येतात, पण मध्येच थांबतात. शेजारचा रॉस येऊन बघून गेला. म्हणाला, प्रोफेसर, एवढ्या तारा तर माझ्या ट्रकमध्येही नाहीत. त्याला सांगितलं की मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय, हसणारे नेहमी काठावरच उभे असतात. तो म्हणाला, काठावर बिअर थंड राहते.

३० ऑगस्ट
उद्यापरवा हंगाम उघडतो. मार्वानं विचारलं, किती झाली? सांगितलं, यंत्र तयार होतंय. ती म्हणाली, मी यंत्राबद्दल विचारलं नाही.
तिची बहीण इडेल फोनवर म्हणाली म्हणे, दुकानातून एक डबा घे आणि चल, मी रजा टाकते. मार्वानं नाही सांगितलं. म्हणाली, ऑरिननं शब्द दिलाय. मी स्वयंपाकघरात होतो, ऐकलं. ऊर भरून आला. थोडी भीतीही वाटली, पण ती ॲसिडिटी असावी.

१४ सप्टेंबर
विजय! दांडा जड का लागतो ते कळलं. पुंगळी दाबणारा साचा फार खाली बसवलेला. थोडा वर उचलून घट्ट केला. आता दांडा एका बोटानं खाली येतो. माहितीपत्रकात साचा अगदी खालपर्यंत आणा असं ठळक छापलंय. ठळक छापलं म्हणून खरं मानायचं, तर मग शाळा कशाला काढल्या?
रॉसनं दांडा ओढून पाहिला. लोण्यासारखा चालतोय रे, म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुतळा उभारल्यासारखं.

२५ सप्टेंबर
सगळी काडतुसं माझ्याच रायफलीत उडवलेल्या जुन्या पुंगळ्या वापरून भरली. त्यातली थोडी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन माझ्याच रायफलीनं तपासली. भोकं एकात एक. रॉसला बोलावून निशाणाचा कागद दाखवला.
मार्वा म्हणाली, दोन माझ्या रायफलीत घालून बघू या का? म्हटलं, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणी आहेत. कशाला वाया घालवायची? तिनं खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, वर बर्फ पडायला लागलंय, घाटरस्ता बंद होईल. मी म्हटलं, आता थांबवणारा कोण आहे?

६ ऑक्टोबर
वर गेलो. माझी रायफल घरीच ठेवली. आज बंदूक तिची, मी फक्त तिचा दारूगोळा.
पहाटे दलदलीत वाळुंजाच्या झुडपांतून मूस बाहेर आला. नर. एवढी रुंद शिंगं मी कॅलेंडरवरसुद्धा पाहिलेली नाहीत. उभा राहून पाणगवत चघळत होता. मार्वानं काडतूस सरकवलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर अडकला. दुसरं घातलं. अडकलं. तिसऱ्यावर तिनं तळव्यानं ठोकलं, तो आवाज त्यानं ऐकला. मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आणि घाई न करता निघून गेला. तीच गोष्ट जास्त लागली.
उतरताना मी थंडीनं तेल घट्ट होतं यावर बोलत होतो. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ऑरिन, पुरे.

७ ऑक्टोबर
पुंगळी एकदा उडाली की फुगते आणि ज्या रायफलीत उडाली तिच्याच मापाची होते. प्रेसनं तिला दाबून पुन्हा मूळ मापात आणायचं असतं. दांडा जड लागतो तो त्यासाठीच. माझी रायफल आतून केसभर सैल, तिची घट्ट. म्हणजे काडतुसं उत्तम आहेत. फक्त माझ्या रायफलीसाठी.
हे मार्वाला तपशीलवार समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग इडेलला फोन केला. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत साचा खाली करून नवी भरतो. मार्वा म्हणाली, दुकान सहाला बंद होतं, मी जाऊन येते.

९ ऑक्टोबर
दोघी काल गेल्या. मी विचारलं होतं, मी पण येऊ का? मार्वा म्हणाली, घरी थांब, कुत्र्याकडे कोण बघणार. आमचं कुत्रं शेजारी रॉसकडे आनंदानं राहतं. मी थांबलो. साचा खाली केला, काडतुसं भरली, तिच्या रायफलीच्या मापाची, यावेळी अचूक. ती यायच्या आधी टेबलावर रांगेत लावून ठेवली.

११ ऑक्टोबर
मूस मिळाला. एकाच गोळीत. रॉस ट्रक घेऊन मांस आणायला गेला. मार्वाचा चेहरा उन्हानं आणि थंडीनं लाल झालेला, वीस वर्षांनी लहान दिसत होती. टेबलावरची काडतुसं तिनं पाहिली. छान झालीत, म्हणाली, आणि मांसासाठी जागा हवी म्हणून डब्यात भरून फळीवर ठेवली.
मी विचारलं, कसा होता? म्हणाली, मोठा होता. मग अंघोळीला गेली.
संध्याकाळी फोनवर इडेलशी बोलत होती. वारा कुठून होता, तो झुडपातून कसा आला, ओंडक्यावर रायफल कशी टेकवली, सगळं पहिल्यापासून. इडेल तर तिथेच होती.
मी स्वयंपाकघरात मांस कागदात गुंडाळत बसलो होतो. पाकिटांवर तारीख घालायचं काम माझ्याकडे आहे.