गार्डला संघातून काढण्याबाबत

आदरणीय वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. लेकीकडे तुमचं बस्तान बसलं असेल, गुडघे जिना चढू देत असतील आणि जावईबापू चहात साखर किती हे आता रोज विचारत नसतील, अशी आशा आहे. माझं बरं आहे. (दादाला जाऊन तीन महिने झाले. लोक आता रस्त्यात थांबवून पाठीवर हात ठेवत नाहीत, त्यामुळे कामावर वेळेत पोचतो.)

दादाचा कॉलेजचा बास्केटबॉल संघ प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातला, हे कानावर आलं असेलच. मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसणारा माणूस. खेळाशी माझा संबंध इतकाच, की जेवताना दादा सामन्यांबद्दल बोलायचा आणि मी हं म्हणायचो. पण प्राचार्य म्हणाले, तुमच्या रक्तातच आहे ते. आमचे रक्तगट वेगळे होते, हे मी बोललो नाही.

संघात बारा मुलं. अकरा सरळ आहेत आणि बारावा भिंगरी. (खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्याचा हजेरीपटाशी फारसा संबंध येत नाही.) हा आपला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून बाकीच्यांना खेळवायचं काम त्याचं. आणतो सुरेख. खेळवत कुणालाच नाही. चेंडू एकदा त्याच्या हातात गेला की आपले चौघे आणि समोरचे पाच, असे नऊ जण उभे राहून त्याचा खेळ बघतात. सकाळी सहाचा सराव असला की हा सातला उगवतो, तोही दात घासत. मला वाटलं, घरी काही अडचण असेल, आई आजारी असेल. सायकल काढून चौकशीला गेलो. आई ठणठणीत. तिनेच मला विचारलं, "तुमचं ऐकतो का हो तो? मग आमचंही ऐकायला सांगा की जरा."

मला ओरडता येत नाही, हे तुम्ही जाणता. दादाने नुसता आवाज टाकला की मैदानापलीकडचं कुत्रंसुद्धा खाली बसायचं. मी लेखी मार्ग धरला. भिंगरीला उशिराबद्दल कारणे दाखवा नोटीस दिली. उत्तर आलं की, नोटीस मनाला लागल्याने झोप आली नाही, सबब आजही उशीर झाला. (अक्षर चांगलं आहे.)

मागच्या सामन्याचं मात्र सांगायला हवं. आपण नऊ गुणांनी मागे होतो म्हणून मी टाइमआउट घेतला. त्या एका मिनिटात प्रशिक्षकाने बोलायचं असतं. मुलं भोवती जमली आणि मला एक शब्द सुचेना. दहा सेकंद गेले, वीस गेले. मग सगळ्यात उंच मुलाने मान खाली घातली. त्याला वाटलं, मी दादासाठी शांतता पाळतोय. बाकीच्यांनीही माना घातल्या. ते बघून समोरचा संघ स्तब्ध उभा राहिला, पंच थांबले, प्रेक्षक उठले. आता यात मध्येच बोलायचं कसं? मीही मान घातली. एकटा भिंगरी या पायावरून त्या पायावर नाचत होता. शेवटी कुजबुजला, "सर, झालं का? त्यांचा चार नंबर लंगडतोय. मी चेंडू डावीकडे देतो." आणि वहिनी, त्याने खरंच दिला. दोन गुणांनी जिंकलो. माझ्या मौनाची इतर कॉलेजांत आता धास्ती आहे म्हणे.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत भिंगरीने चष्मा कपाळावर चढवला, एक हात कमरेवर ठेवला आणि हुबेहूब दादाच्या आवाजात म्हणाला, "काय रे गाढवांनो, दोनच?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साहित्याच्या खोलीत चेंडू मोजायला गेलो. सात आहेत. मोजायला बराच वेळ लागला.

असो. मंगळवारी स्वारी सरावाला फिरकलीच नाही, सिनेमाला गेली. प्राचार्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला: गार्डला संघातून कमी करण्यात येत आहे. पुढच्या शनिवारपर्यंत माझी सही हवी. एकदा नाव गेलं की या वर्षी परत घेता येत नाही, आणि त्याचं हे शेवटचं वर्ष. प्राचार्य म्हणतात, तुमच्या भावाची अखेरची इच्छाही हीच होती. मीही त्याच मताचा आहे. शिस्त ती शिस्त. बाहेरून कळून तुम्हाला वाईट वाटू नये, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. – सही अजून केलेली नाही.

आणखी एक ता. क. – ही अखेरची इच्छा प्राचार्यांना माझ्याकडूनच कळली. शोकसभेत मला उभं केलं. सगळे छान बोलले होते, माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून दादा दवाखान्यात मला शेवटचं जे म्हणाला तेच सांगितलं, "त्या भिंगरीला काढून टाक." वाटलं, लोक हसतील. प्राचार्यांनी लिहून घेतलं. तुम्हाला माहीत आहे, दादा त्याला दर गुरुवारी काढायचा आणि शुक्रवारी परत घ्यायचा, कारण शनिवारी सामना असायचा. या खेपेला गुरुवारी काढलं, आणि शुक्रवार दादाला मिळाला नाही. माझ्यावर प्राचार्य आता विश्वास ठेवणार नाहीत, तुमच्यावर ठेवतील. खात्री करून घ्यायला शुक्रवारी ते तुम्हाला फोन करतील. तेव्हा सांगा, की अगदी शेवटी त्याने भिंगरीला परत घेतलं. मी त्या दिवशी खाटेजवळून हललो नव्हतो, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. प्राचार्यांना मी सांगून ठेवलंय, की तेवढा वेळ मी औषधं आणायला खाली गेलो होतो.