मामाच्या झडत्या आणि दोन शेपट्यांचा बर्नर

देवळी, जि. वर्धा
१७ ऑगस्ट २००६, गुरुवार

सौ. छायाताईच्या पायाशी गजूचा नमस्कार, आणि जावईबापूंले दुरूनच रामराम (ते पुण्याचे, पाया पडलेलं चालते का नाई ते मालूम नाई).

हे पत्र मी उन्हाळ्यापासून टाळून राह्यलो, हे आधीच कबूल करतो. कागद सापडला का पेन सापडे नाई, पेन सापडला का कारंज्याकडे जाणारा ट्रक सापडे, न मले तर तू ओळखतंच, ट्रक थांबला का मी बसलोच. मधात पेरण्या झाल्या, डवरणी झाली, सोयाबीन गुडघ्याले आलं. तुह्यी तब्येत बरी असन. इकडे मामीचा उजवा गुडघा पावसाआधी दुखते न पाऊस आला का थांबते, बाकी ठणठणीत. सध्या माह्या मुक्काम तुह्याच माहेरी हाय, म्हणजे तुह्या खोलीत, तुह्याच खाटेवर. खाट करकरते.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांआधीच्या पोळ्याले मी भैय्याजीचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन देवळीले आलतो. (भैय्याजी म्हणजे कारंजा घाडग्याचे, लग्नाची शूटिंग करतात. त्यांच्यापाशी मी पाच महिने लाईट धरला. सोपं काम नाई ते. उजेड नवरीच्या तोंडावर पडला पायजे न तिच्या आत्याच्या डोळ्यात गेला नाई पायजे. आत्या मंग जेवत नाई.) बैलं तोरणाखाली उभे होते न तुह्ये बाबा, आपले लक्ष्मणराव मामा, फेटा बांधून झडत्या म्हणत होते (जावईबापूंसाठी: झडती म्हणजे पोळ्याले बैलांपुढे म्हणाची टोमण्याची दोन ओळींची कविता). मी कॅमेरा तिपाईवर लावला, चालू केला न भजे खाले गेलतो. वीस मिनिटं कॅमेरा एकटाच उभा होता, म्हणूनच शूटिंग इतकी चांगली झाली. सरपंचाच्या पडक्या पुलावर झडती, सोसायटीच्या खतावर झडती, सावकाराच्या मिशीवर झडती. दोन ओळींत एकेकाले असा झोडपे मामा, का ज्याले झोडपलं तोच सगळ्यात जोरानं हसे.

त्या टेपवर भैय्याजीनं पुढे तळेगावची वरात चढवली. (त्यांची पद्धतच तशी. एकाच टेपवर अकरा लग्नं झाले असन.) पण त्याआधी ते शूटिंग त्यांच्या जुन्या लॅपटॉपात उतरलं होतं, न मी काम सोडलं तवा त्यांनी तो लॅपटॉप मले देऊन टाकला. काऊन दिला ते मंग समजलं. आतून टकटक आवाज येते, जसा कोनी दार वाजवून राह्यला. सीडीची बशी कायमची आत बसली. शूटिंग इतकी मोठी का पेन ड्राइव्हमध्ये मावत नाई. म्हणजे ताई, मामा मागच्या हिवाळ्यात गेला, न त्याचा आवाज जगात फक्त ह्या टकटकणाऱ्या डब्यात उरला. डबा गेला का आवाज गेला.

आणि आणखी एक गोष्ट हाय, तिच्यासाठीच हे सगळं. तू पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं न मामानं तुह्यं नाव घेणं सोडलं. मामाच्या तिसऱ्याच्या दिवशी तू मामीले म्हटलं, "बाबानं मले मरेपर्यंत एक हाक नाई मारली," तवा मी दारामागेच उभा होतो. तवा मलेही मालूम नव्हतं, ती शूटिंग मी पाह्यलीच नव्हती. एप्रिलात पाह्यली. शेवटची झडती तुह्यावर हाय. ती मी कागदावर लिहीत नाई. मामाच्याच तोंडून आयक.

मंग मी ठरवलं का बाहेरून लावाचा बर्नर घ्याचा न मामाले डिस्कवर उतरवाचं. वर्ध्याले गेलो. दुकानात मयुरी नावाची पोरगी बसते, मालकाची लेक. तिनं इचारलं, लॅपटॉप कसा हाय? मी म्हटलं, काळा हाय.

"दादा, वरून काळा हाय हे समजलं. आतून कसा हाय? यूएसबीचे छेद किती? विंडोज कोनतं?"

मले वाटलं होतं का बर्नर म्हणजे चप्पल, नंबर सांगितला का भेटते. परत देवळीले आलो, लॅपटॉप उलटापालटा करून पाह्यला न बसच्या तिकिटावर लिहून नेलं: छेद दोन, विंडोज जुनं, टकटक चालू. तिनं पातळसा बर्नर दिला, त्याले दोन शेपट्या होत्या. एका शेपटीतून माल जाते, दुसरीतून करंट घेते, दोन्ही लॅपटॉपले खोसा लागतात. घरी येऊन पाहतो त माह्या लॅपटॉपचा एक छेद डावीकडे न दुसरा उजवीकडे, न शेपट्या वीतभर! दोन टोकांले दोन बैलं बांधले न दावं एकच, असं झालं. एका शेपटीवर लावला त दिवा लुकलुके न विझे. मामी चष्मा लावून बसली होती, म्हणे, "याले पोटभर भेटून नाई राह्यलं रे बापा."

मयुरीनं तो परत घेतला (चांगली पोरगी हाय, एवढंच लिहितो) न जाड बर्नर दिला, ज्याचा करंट वेगळा, भिंतीतून घेते. पण तो चालवाची शिकवण एका सीडीवर होती! सीडी चालवाले बर्नर पायजे, न बर्नर चालवाले सीडी पायजे. दुकानासमोर बसून मी अर्धा तास हसलो, मंग ती स्वतःच बाहेर आली न पेन ड्राइव्हातून ती शिकवण लॅपटॉपात टाकून दिली.

तुले आठवते का ताई, पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात आपुन कॅसेटची कॅसेट कशी करो? मामाचा टेप न शेजारच्या प्रमिलाबाईचा टेप समोरासमोर, तोंडाले तोंड लावून, न घरात कोनी हलाचं नाई. मामा दाराशी बोट ओठावर ठेवून बसे. तरी मामीच्या कुकरच्या तीन शिट्ट्या त्यात गेल्याच, न तुह्यी एक शिंक. पुढे कवाही ते गाणं दुसरीकडे आयकलं का मले शिट्टीच्या जागी चुकल्यासारखं वाटे. आता म्हणे हे मशीन गपचूप उतरवते, खोलीत भांडण झालं तरी चालते. चांगलंच हाय. पण त्या वक्ती आपुन अख्खं घर मिळून चूप बसलो होतो, तसं पुन्हा कवा बसलो नाई.

हं, तर बर्नर. आता भारनियमन मधात आलं. लाईन दुपारी दोनले येते न साडेतीनले जाते. डिस्क उतराले चाळीस मिनिटं. पाच डिस्का मधातच मेल्या. मामीनं त्या वांग्याच्या वाडीत दोरीले टांगल्या, पाखरं येत नाई म्हणते. पाचव्यांदा मी महावितरणले शिव्या देऊन राह्यलो तवा मामी म्हणे, "लाईन दोनले येते. तू चाय पिऊन, पेपर वाचून तीनले बसतं. लाईनचा काय दोष?" काल तिनं मले पावणेदोनलेच खुर्चीत बसवलं न स्वतः दारात बसली, मामा बसे तसंच, कोनाले आत येऊ देल्लं नाई. दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी डिस्क बाहेर आली. गरम होती. मामीनं ती दोन्ही हातात घेतली, जसं नवं पोर घेतात.

तर ताई, डिस्क तयार हाय, ह्याच पाकिटात टाकून राह्यलो. काम फत्ते. मोठ्यांले नमस्कार.

तुह्या,
गजू

ता. क. : शुक्रवार. काम तसं पूर्ण फत्ते नाई. घरात नवी वस्तू आली का मामी हळद-कुंकू लावल्याशिवाय वापरू देत नाई, सायकल असो का मिक्सर. बर्नरले लावलं होतं, वरून, काई बिघडलं नाई. पण डिस्कच्या एका बाजूले मी पेनानं नाव लिहिलं होतं, म्हणून तिनं चांगली, कोरी, चकचकीत बाजू पाह्यली न त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं पाच बोटाचं लावलं. मी म्हटलं मामी, वाचाची बाजू तीच! ती म्हणे, "मंग देवाची बाजू कोनती?" कापसानं पुसली. चालते. सरपंच येते, खत येते, मिशी येते. आणि तुह्यी झडती सुरू व्हाच्या वक्ताले मामा हात वर करते न तिथंच थांबते. काल दुपारीच चार वेळा लावून पाह्यलं. हात वरच.

ता. क. २ : आणि काल संध्याकाळी लॅपटॉपची टकटक थांबली. मले आधी बरं वाटलं. मंग समजलं.

म्हणून खरं मागणं आता लिहितो. जावईबापू कॉम्प्युटरात हाय. लॅपटॉप गोधडीत बांधून ठेवला हाय, ते आले न त्यांनी तो उघडून पाह्यला, त काई निघन. पोळा बुधवारी हाय. ते एकटे कसे येईन, तूही येजो. मले ती झडती धड पाठ नाई ताई, एकदाच पाह्यली, न त्यातही मधात मी पाणी प्याले उठलो होतो. मले माफ करजो.

ता. क. ३ : शनिवार, सकाळ. पाकिटाले डिंक लावत होतो त दारात आटो थांबला. कोनी येणार नव्हतं. आटोतून तू उतरली.

मी मामीकडे पाह्यलं, मामी तुह्याकडे. गुरुवारी ती प्रमिलाबाईकडे विरजण आणाले गेलती न पाऊण तास आली नाई. तिथून तिनं तुले फोन लावला होता. झडती तिले पाठ होती! त्या दिवशी ओट्यावरून आयकली होती, न मामानं "पोरीले सांगशीन त खबरदार" म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, मामी, मंग मले उन्हाळाभर वर्ध्याले काऊन पळवलं?

"मले वाटलं त्यायच्याच तोंडून जाईन. पन तुह्या मशीनच्या भरवशावर पोरगी म्हातारी होईन बापा."

आता तू बॅग खाली न ठेवता दारातच उभी हाय न म्हणून राह्यली, "आई, फोनमध्ये खरखर होती. पुन्हा म्हन." मामी इकडे-तिकडे पाहते. गल्ली जमा झाली. तिनं पदर डोक्यावर ओढला, हात वर केला न म्हटलं, मोठ्यानं, मामाच्याच चालीत:

कवेलू फुटलं, छप्पर गळलं, पाखरू गेलं उडून,
पुन्याच्या लेकीले सांगा कोनी, बाप बसला अडून!

बाईमाणसाची झडती ह्या गल्लीनं कवा आयकली नसन. सगळे चूप हाय, आटोवालाही. पण झडती झाली का मागून हर हर महादेव म्हणाले कोनी तरी लागते, त्याशिवाय ती पुरी होत नाई. तू रडून राह्यली. म्हणजे मलेच म्हणा लागन. पेन ठेवतो.