मावशींची पिशवी

सोमवार, ३
टॉप्स गेला! जोडातला एकच. सगळं घर पालथं घातलं. हे म्हणाले, "एकच कोण नेईल?" — जो दुसरा उद्या नेणार आहे तो! पुरुषांना एवढंही सुचत नाही.

घरात येणारं परकं माणूस एकच, भांडी-फरशीच्या मावशी. इतकी वर्षं येतात, इकडची काडी तिकडे झाली नाही. पण तेच तर. विश्वास बसेपर्यंत थांबणारेही असतात.

मंगळवार, ४
मावशी आज जरा जास्तच गोड बोलत होत्या. "वहिनी, चेहरा का उतरलाय?" म्हणे. पिशवी रोज ओट्याशी ठेवतात, आज दाराशी होती. का?

बुधवार, ५
निघताना म्हटलंच — मावशी, पिशवी दाखवता? रोजच बघत जाईन, उगाच तुमच्यावर बालंट नको. त्यांनी गुपचूप उघडली. डबा, बाटली, बदलायची साडी एकेक काढून खाली ठेवली. "बघा, वहिनी." राग नाही, काही नाही. खऱ्या माणसाला राग यायला नको?

आमची भिंगरी बाहुली घेऊन दारातच उभी, टकामका बघत. सात वर्षांची आहे, पण प्रश्न वकिलाचे. जेवताना विचारते, "मावशींचीच पिशवी का? काकूपण आली होती ना?" काकू म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या हिरे घालतात, माझ्या टॉप्सला कशाला हात लावतील! म्हटलं, अगं, काकूचं घर आपल्यापेक्षा मोठं. मोठ्या घरातून लहान घरी जाणाऱ्यांचीच पिशवी बघतात. सुचलं ते सांगितलं. तिला पटलं.

रविवार, ९
सापडला. माझ्याच उशीच्या अभ्र्यात. काखेत कळसा!

कुणाला बोलले नाही. पिशवी बघणं एकदम थांबवलं तर मावशींना कळेल, आणि मग डोक्यावर बसतील. हळूहळू बंद करू. तोवर टॉप्स कपाटात. आपलीच वस्तू आणि घालायची चोरी.

बुधवार, १२
मी सांगायच्या आत भिंगरी दाराशी हजर. मावशी वाकून तिलाच पिशवी दाखवतात. दोघी हसत होत्या. माझ्यावर?

शनिवार, १५
उद्या जाऊबाईंच्या नव्या घरी जेवण. हौसेनं बोलावलंय की घर दाखवायला, देव जाणे. दरवेळी मला नखशिखांत न्याहाळतात आणि म्हणतात, "छान आहे हो साडी. साधी." त्या 'साधी'त काय काय असतं ते मला विचारा. उद्या तिथे मान खाली जायला नको, एवढंच मागणं. टॉप्स घालणार.

रविवार, १६
जेवणं छान झाली. टॉप्सकडे जाऊबाईंनी दोनदा बघितलं. निघताना सगळे दारात उभे. भिंगरी जाऊबाईंसमोर गेली, खाली बसली, पाठीवरची छोटी पिशवी उघडली. बाहुली, रुमाल, बाटली — एकेक काढून फरशीवर मांडलं. एरवी 'ए काकू' म्हणणारी. आज म्हणाली, "बघा, काकू."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाईंनी फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, आता तुझी."

कुणीच 'राहू दे' म्हणालं नाही. मी पर्स उघडली.