दुसरं कडवं

प्रिय कलाअक्का, सप्रेम जय भीम.

पहूरच्या शाळेत घंटा म्हणून लोखंडी रुळावर हातोडा पडायचा, तो घणघणाट आज पहाटे कानात घुमला. तो होईपर्यंत आपण दोघं नदीची कविता म्हणायचो.

धुळ्याच्या या वार्धक्य संशोधन केंद्रात जेवण चांगलं आहे, काळजी नको. पण डोकं तापलंय! मृणाली नावाच्या संशोधक पोरीनं शाळेतली कविता विचारली. पहिलं कडवं खणखणीत म्हटलं, दुसरं अडलं. तर म्हणते, "असू द्या आजोबा, या वयात होतं." होतं म्हणे! चौथीत याच कवितेला बक्षीस घेतलंय मी!

पुढच्या आठवड्यात ती परत येणार. दुसरं कडवं लगेच पाठव. तुझी धाकटी सून, तिचं नाव राहू दे, बरी आहे ना?

तुझा आधार

ता. क. दार वाजलं. "उघड रे भो, मी आली!" अक्का, तू? आधी कडवं म्हण, मग पाणी.